पुणे ते जैसलमेर भाड्याच्या गाडीने: तेरा दिवसांचा बेत चौदा दिवसांचा कसा झाला

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातले एक कुटुंब चालकासह भाड्याची गाडी घेऊन राजस्थानला गेले. पहिल्याच संध्याकाळी बेत बदलावा लागला, पुढे बिकानेर आणि जयपूर गळाले, एक दिवस वाढला आणि खर्चही वाढला. हे सगळे कोणत्या वळणावर कसे ठरले, ते इथे सविस्तर मांडले आहे. कुटुंबाशी, चालकाशी आणि गाडीमालकाशी मी वेगवेगळा बोललो. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघे नोकरीत, मुलगी कॉलेजात, मुलगा आठवीत आणि नवऱ्याची सत्तरी ओलांडलेली आई. आजींचे दोन्ही गुडघे दुखतात. रेल्वेचा पर्याय त्यांनी आधी पाहिला होता, पण आरक्षण साठ दिवस आधी उघडले आणि बघता बघता हव्या त्या तारखा वेटिंगवर गेल्या. शिवाय फलाटावरचे जिने आजींना झेपणारे नव्हते. घरची गाडी छोटी. तिच्यावर रोजंदारीचा चालक घेऊन जावे असाही विचार झाला, पण पाच माणसे, चालक आणि सामान तिच्यात मावत नव्हते.

म्हणून चालकासह इनोव्हा क्रिस्टा ठरली. एका ओळखीच्या माणसाने स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी किलोमीटरला चार रुपये स्वस्तात देऊ केली होती. कुटुंबाने ती नाकारली. माझ्या मते आधीच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा होता. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करते. ठरलेल्या गाडीला पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट होते. २०२३ च्या नियमांनुसार या परमिटच्या शुल्कातूनच राज्यांना त्यांचा वाटा मिळतो, त्यामुळे गुजरात आणि राजस्थानच्या हद्दीवर वेगळा कर भरायचा प्रश्न नव्हता. परमिटची आणि विम्याची मुदत बाईंनी स्वतः कागद मागवून तपासली.

चालकाबद्दल मात्र कुणी काहीच विचारले नाही. "चांगला पोरगा आहे, हायवेला सवयीचा," एवढे मालकाने सांगितले आणि विषय संपला.

ठरलेला व्यवहार

सगळे व्हॉट्सॲपवर ठरले. किलोमीटरला १९ रुपये, रोजचे सरासरी ३०० किलोमीटर किमान, चालकाचा भत्ता दिवसाला ५०० रुपये, टोल-पार्किंग वेगळे. तेरा दिवसांचे किमान किलोमीटर ३,९००, म्हणजे ७४,१०० रुपये आणि भत्त्याचे ६,५००.

या ३०० च्या अटीकडे नीट पाहायला हवे, कारण पुढची अडचण तिथूनच आली. गाडी एका जागी उभी राहिली तरी मालकाचा हप्ता आणि चालकाचा पगार चालू असतो, म्हणून ही अट आहे आणि ती रास्तही आहे. पण भाडेकरूच्या डोक्यात ती उलट बसते. पैसे ३,९०० किलोमीटरचे द्यायचेच आहेत, मग तेवढे फिरून घेऊ! या कुटुंबाचा पहिला बेत उदयपूर, जोधपूर आणि जैसलमेर एवढाच होता. किलोमीटर उरतात असे दिसल्यावर त्यात बिकानेर आले, जयपूर आले, पुष्कर आले. शेवटचा आराखडा ३,८५० किलोमीटरच्या आसपास भरला. त्यात पुणे ते उदयपूर एका दिवसात, म्हणजे ९०० किलोमीटरहून जास्त, आणि परतताना जयपूर ते पुणे दोन दिवसांत असे होते.

भत्त्यात काय काय येते हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. चालकाने रात्री झोपायचे कुठे, हा मुद्दा सगळ्या संदेशांत एकदाही आलेला नाही. मी ते सगळे संदेश वाचले आहेत.

अडचण

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गाडी निघाली. चालक पंचविशीतला, मूळचा बीड जिल्ह्यातला, अबोल आणि अदबीने वागणारा. घोडबंदर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत दीड तास गेला. जेवण भरूचच्या अलीकडे झाले. वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्ग भरभर संपला, पण अहमदाबाद ओलांडताना संध्याकाळची गर्दी लागली. हिम्मतनगर सोडले तेव्हा अंधार पडला होता.

बाई पुढच्या सीटवर होत्या. चालक काच खाली करतोय, वर करतोय, मानेवरून हात फिरवतोय, हे त्यांनी पाहिले. मग गाडी हळूच डाव्या कडेच्या पट्टीवर गेली आणि परत आली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच झाले. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिले आणि चालकाला म्हणाल्या, "दादा, पुढे चहा दिसला की थांबा."

ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ९० मीटर आपोआप जाते. त्या हायवेवर तेवढ्या अंतरात दुभाजक तुटलेला असतो, गुरे बसलेली असतात, बिनदिव्याचा ट्रॅक्टर असतो.

शामळाजीच्या अलीकडे टपरीवर गाडी थांबली. रात्रीचे आठ वाजले होते. उदयपूर अजून १३० किलोमीटर होते. चालक म्हणाला, "साहेब, आता काय, दोन-अडीच तासांचाच रस्ता राहिलाय. चहा घेतला की फ्रेश."

त्यावर कुणी त्याला रागावले नाही. बाईंनी एवढेच विचारले, "काल झोपलात किती वाजता?" पहिल्यांदा तो "झाली झोप" म्हणाला. चहा संपत आला तेव्हा खरे सांगितले. आदल्या रात्री अकराला तो महाबळेश्वरचे भाडे सोडून आला होता, गाडी धुऊन आडवा व्हायला बारा वाजून गेले आणि अडीचला उठला. म्हणजे जेमतेम अडीच तास झोप आणि त्यावर सोळा तासांचा प्रवास.

शामळाजीला समोर असलेले पर्याय

पहिला, तसेच पुढे जायचे. उदयपूरच्या हॉटेलात दोन खोल्यांचे ४,२०० रुपये भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते. नवऱ्याचा कल सुरुवातीला इकडे होता.

दुसरा, नवऱ्याने स्वतः गाडी चालवायची. परवान्याची अडचण नव्हती. ७,५०० किलोपर्यंतच्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीला साधा एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचा, परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण मालकाची संमती नव्हती, गाडी अनोळखी होती, आणि ते स्वतःही पहाटे तीनपासून जागे होते. एका पेंगणाऱ्याच्या जागी दुसरा दमलेला माणूस बसवण्यात काही अर्थ नव्हता.

तिसरा, मालकाला सांगून अहमदाबादहून दुसरा चालक मागवायचा. दिवाळीच्या त्या आठवड्यात रात्री नऊला असा माणूस मिळणे कठीण, आणि मिळाला तरी तो दिवसभर काय करत होता हे पुन्हा कुणाला ठाऊक?

चौथा, तिथेच मुक्काम. शामळाजी हे कृष्णमंदिराचे गाव असल्याने धर्मशाळा आणि साध्या खोल्या मिळतात.

निर्णय आजींनी केला. "मला आज उदयपूर नको. देवाच्या गावात आलोय, इथंच थांबू या. आणि ह्या पोराला पण खोली घ्या." या शेवटच्या वाक्यामुळे पुढचा सगळा प्रवास वेगळ्या वाटेने गेला. थांबण्याचा विचार कुणीही केला असता. चालकाला खोली हवी, हे त्या टपरीवर बाकी कुणाच्या मनात आलेले नव्हते.

काय केले

त्या रात्री नवऱ्याने मालकाला फोन केला. मालक आधी चिडला. भत्त्यात राहणे-खाणे सगळे येते, आमचे ड्रायव्हर गाडीतच झोपतात, पहिल्यापासून अशीच पद्धत आहे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याची बाजूही सांगायला हवी. त्याच्याकडे तीन गाड्या आणि दोन कायम चालक. दिवाळीचे पंधरा दिवस आणि मे महिना यांवर वर्षाचे हप्ते निघतात. महाबळेश्वरचे भाडे त्याने नाकारले असते तर ते शेजारच्या मालकाकडे गेले असते. हे सगळे खरे आहे. तरी चालक बारा वाजता आडवा होणार आणि अडीचला उठणार हे त्याला माहीत होते आणि ज्यांचे जीव त्या गाडीत होते त्यांना माहीत नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

कायद्याने ही गोष्ट मोकळी सोडलेली नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ ने व्यावसायिक वाहनाच्या चालकाचे तास १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याशी जोडले. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. तीन गाड्यांच्या मालकाच्या दारात हे तपासायला मात्र कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी उशिरा, सगळ्यांची झोप झाल्यावर, मुलीने वहीत चार गोष्टी लिहिल्या आणि चालकाला वाचून दाखवल्या. स्टिअरिंगवर दिवसाला आठ-नऊ तासांपेक्षा जास्त नाही. दिवेलागणीनंतर हायवे नाही. दर दोन-अडीच तासांनी थांबा. रात्रीची खोली कुटुंबाच्या खर्चाने. चालकाने ऐकून घेतले आणि विचारले, "मालकाला चालंल का?" नवरा म्हणाला, "मालकाशी मी बोलतो, तुम्ही झोप घ्या."

उदयपूरला पोहोचले तेव्हा गुजरातमधल्या पर्यटकांची गर्दी शिगेला होती. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत तिकडचे व्यापारी दुकाने बंद ठेवून बाहेर पडतात आणि उदयपूर, अबू भरून जाते. हॉटेलात चालकांसाठी तळघरात एक खोली होती, चार खाटा आणि आठ-नऊ माणसे. त्याच्यासाठी बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये ७०० रुपयांत खोली मिळाली. जगदीश मंदिराच्या आणि सिटी पॅलेसच्या अरुंद गल्ल्यांत इनोव्हा नेण्यात तसेही हशील नव्हते. कुटुंब रिक्षाने फिरले आणि चालकाला अख्खी दुपार मिळाली. पुढे प्रत्येक शहरात त्यांनी हेच केले. रिक्षाचे दोन-तीनशे रुपये जात, पण पार्किंगची कटकट वाचे आणि चालक दुसऱ्या दिवशी ताजा असे.

उदयपूर ते जोधपूर या टप्प्यात रणकपूरचे जैन मंदिर बारानंतरच पर्यटकांसाठी उघडते, त्यामुळे सकाळी घाई करायचे कारणच नव्हते. चालक म्हणाला की एवढ्या निवांतपणे त्याने तो घाट कधी उतरला नव्हता.

जोधपूरला मात्र वेगळेच झाले. हॉटेलात जागा नव्हती, म्हणून नवऱ्याने चालकाच्या हातात ८०० रुपये दिले आणि "जवळच कुठे खोली बघा" म्हणाला. सकाळी मुलगा पाण्याची बाटली आणायला खाली गेला तर चालक गाडीत, सीट मागे टाकून झोपलेला. पैसे त्याने रात्रीच घरी पाठवले होते. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता राहिला होता.

इथे कुटुंबात वाद झाला. नवऱ्याला फसवल्यासारखे वाटले. बाईंचे म्हणणे असे की रोख दिली तर ती घरीच जाणार, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. मला बाईंचे म्हणणे पटते. ज्याच्या घरी ८०० रुपयांची गरज आहे त्याला ते हातात देऊन स्वतःच्या झोपेवर खर्च करायला सांगणे हे त्याला पेचात टाकणे आहे. त्या दिवशी निघण्याचा बेत नव्हता, म्हणून त्याला दुपारी खोलीत झोपायला पाठवले. पुढे प्रत्येक ठिकाणी खोली कुटुंबाने स्वतः ठरवली आणि भाडे थेट लॉजवाल्याला दिले. चालकाला याबद्दल कुणी बोल लावला नाही.

जैसलमेरचा निर्णय

जैसलमेरला किल्ला पायी पाहून झाला, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर एक संध्याकाळ गेली. त्या रात्री पुढचा रस्ता ठरवायचा होता. मुलीने अंतरे कागदावर मांडली. जैसलमेर ते बिकानेर ३३० किलोमीटर, तिथून जयपूर जवळपास तेवढेच, जयपूरहून पुष्कर करून इंदूर ६५० च्या पुढे आणि इंदूर ते पुणे ५९०. शेवटचे दोन दिवस वहीतल्या आठ-नऊ तासांत कुठूनही बसत नव्हते.

जयपूरहून विमानाने परतायचे आणि गाडी रिकामी पाठवायची, असा एक विचार झाला. पाच तिकिटे आणि वर रिकाम्या गाडीचे भाडे, म्हणून तो सोडला. मालकाने जयपूरला दुसरा चालक पाठवावा, असाही विचार झाला. मालक तयार होता, पण नव्या माणसाशी सगळे पहिल्यापासून जुळवावे लागले असते आणि आजींना हाच मुलगा हवा होता. तिसरा मार्ग म्हणजे बिकानेर-जयपूर सोडायचे, पुष्कर ठेवायचे आणि परतीला एक मुक्काम वाढवायचा.

मुलगा रडवेला झाला. आमेरचा किल्ला आणि जंतरमंतर यांसाठी त्याने आधीच वाचून ठेवले होते. त्याची समजूत चित्तोडगडावर काढली गेली, आणि ती पूर्ण निघाली असे मी म्हणणार नाही. आजींचा मात्र योग जुळून आला. पंढरपूरला कार्तिकी भरते त्याच एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत पुष्करचे स्नान असते. त्या गर्दीत गाडी गावात जाणार नव्हती, म्हणून मुक्काम अजमेरला केला. द्वादशीच्या पहाटे सगळे तिथल्या जीपने नाग पहाडाचा घाट ओलांडून सरोवरावर गेले. चालक त्या वेळी अजमेरला झोपलेला होता.

पुढे चित्तोडगड, इंदूर, नाशिक असे मुक्काम करत चौदाव्या दिवशी दुपारी गाडी पुण्यात आली.

निष्पत्ती

गाडी प्रत्यक्षात सुमारे ३,५०० किलोमीटर चालली, पण चौदा दिवसांच्या किमान हिशेबाने ४,२०० चे पैसे द्यावे लागले, म्हणजे ७९,८००. ठरल्यापेक्षा ५,७०० जास्त. भत्ता एका दिवसाचा ५०० वाढला, चालकाच्या खोल्यांचे ७,४०० झाले आणि उदयपूरची बुडालेली रात्र ४,२००. एकूण वाढ १७,८०० रुपये. बाकी मुक्कामांची रद्द आणि नवी बुकिंगे जवळपास एकमेकांत मिटली.

न चाललेल्या ७०० किलोमीटरचे डिझेल वाचले, तेव्हा त्यातला काही भाग मालकाने सोडावा, असे नवऱ्याने शेवटच्या दिवशी सुचवले. थोडी घासाघीस झाली आणि मालकाने ३,००० रुपये कमी केले. कुटुंबाने ते तसेच चालकाला दिले.

पहिला दिवस सोडला तर गाडी एकदाही पट्टीबाहेर गेली नाही. चालकाच्या सांगण्यानुसार सीझनमध्ये सलग इतक्या रात्री खाटेवर झोपण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मालकाने आता लांबच्या भाड्याआधी चालकाला एक रात्र मोकळी ठेवायला सुरुवात केली आहे. सीझनमध्ये ते दर वेळी जमत नाही, हेही त्याने माझ्यापाशी कबूल केले.

वेगळे काय करता आले असते

शामळाजीचा प्रसंग पुण्यातच टळला असता. "आदल्या दिवशी चालकाला कुठले भाडे आहे?" एवढा प्रश्न गाडी ठरवताना विचारला असता तर मालकाला एक तर दुसरा माणूस द्यावा लागला असता किंवा निघण्याची वेळ पुढे ढकलावी लागली असती. परमिटचे कागद मागवणाऱ्या बाईंना हा प्रश्न विचारायला काहीच अवघड नव्हते. आपल्याला तो सुचत नाही, कारण भाडे ठरवताना आपण गाडीचे मॉडेल, एसी आणि दर यांवर बोलतो आणि चालक गाडीसोबत आलेला धरतो. निघताना स्वतः चालकाला विचारले तर तो "झाली झोप" असेच म्हणणार. नोकरी मालकाच्या हातात असताना त्याने दुसरे काय सांगावे?

पहिला मुक्काम वडोदऱ्याच्या पुढे ठेवायचाच नव्हता. ५५० किलोमीटर हा पुण्याहून निघालेल्या गाडीचा भरपूर दिवस आहे. आणि ३०० च्या सरासरीसाठी गावे वाढवण्याऐवजी आधी मुक्काम ठरवून मग व्यवहार करायला हवा होता. बेत तीन शहरांचाच होता, तर उदयपूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन तिथली गाडी घेणे बहुधा स्वस्त पडले असते. आजींच्या गुडघ्यांचा विचार करूनही मला तो पर्याय पुन्हा तपासण्यासारखा वाटतो, कारण स्थानकांवर व्हीलचेअर मागता येते आणि स्थानिक चालक अनेकदा रात्री स्वतःच्या घरी झोपतो.

चालकाच्या खोलीचा खर्च पहिल्याच संदेशात यायला हवा होता, "चालकाची खोली भाडेकरूकडे, लॉजला थेट पैसे" अशा शब्दांत. तो नंतर निघाला, म्हणून मालकाला तो आरोपासारखा लागला.

चालकाला काय हवे होते, हे मी शेवटी विचारले. मला वाटले होते तो खोलीचे नाव घेईल. तो म्हणाला, "सकाळी किती वाजता निघायचं ते आदल्या संध्याकाळी सांगावं, बास. पार्टी म्हणते, 'बघू, उठलो की फोन करतो.' मग मी पाचलाच उठून गाडी पुसून बसतो आणि ती मंडळी खाली येतात दहाला. तेवढे पाच तास झोपलो असतो की."

या कुटुंबाने उदयपूरपासून रोज रात्री जेवताना वेळ ठरवून त्याला कळवली होती. वहीतल्या चार गोष्टींत ती नव्हती. आजींना गोळ्यांसाठी नाश्त्याची वेळ आधी कळायला लागते, म्हणून ते ठरत गेले. आता ती वहीत पाचवी म्हणून लिहिलेली आहे.